ओरखडा जातो म्हणजे नेमकं काय जातं?

मंडळी, सुरुवात कबुलीजबाबाने करतो. आमच्या रेक्टर सरांच्या काळ्या गाडीवर जे कोळ्याचं जाळं पसरलं होतं, ते मी केलेलं होतं. कुणी खिळा मारला नव्हता, कुठे घासलीही नव्हती. मी ती धुतली होती, एवढंच.

झालं असं. सरांनी एक सेकंडहँड पोलो घेतली, चाकणला बनलेली, काळी कुळकुळीत. आमच्या रूममधल्या एकाला डेंग्यू झाला तेव्हा रात्री दोन वाजता सरांनी त्याला याच गाडीतून दवाखान्यात नेलं. त्याची परतफेड म्हणून दर रविवारी गाडी धुऊन द्यायचं काम मी अंगावर घेतलं. साहित्य काय, तर मेसची बादली, कपड्यांची पावडर आणि एक जुनी बनियन. अधेमधे गाडीवर धूळ दिसली की तीच बनियन कोरडी फिरवायची. पाच-सहा रविवार असेच गेले. मग गॅदरिंगच्या रात्री गाडी पोर्चमधल्या हॅलोजनखाली उभी होती, आणि बॉनेटवर दिव्याभोवती हजारो बारीक गोल रेघा चमकताना दिसल्या. सर म्हणाले, "जुनी गाडी आहे, असायचंच." पण गाडी आली त्या दिवशी त्या रेघा नव्हत्या हे मला माहीत होतं.

त्या रेघा काढता काढता जे शिकलो ते इथे लिहितोय. मेकॅनिकलवाल्यांना आणि मेटॅलर्जीवाल्यांना यातलं बरंचसं ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी निदान शेवटचा भाग तरी वाचावा, कारण घरी बाबांची गाडी आहेच.

रंग म्हणजे किती?

आपण 'गाडीचा रंग' म्हणतो तो एक थर नसतो. पत्र्यावर सर्वांत आधी ई-कोट असतो. पूर्ण बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने हा गंजरोधक थर चढवतात, तो साधारण २० मायक्रॉन. त्यावर प्रायमर ३० ते ३५ मायक्रॉन. त्यावर खरा रंग, म्हणजे बेस कोट, जेमतेम १५ ते २०. आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट, ४० ते ५० मायक्रॉन. सगळं मिळून मायक्रोमीटरवर ०.१ मिलिमीटरच्या थोडंसं पुढे.

आता वर्तमानपत्राचा कागद मोजा. तो साधारण ७० मायक्रॉन भरतो. म्हणजे गाडीला चमक देणारा, उन्हापासून रंग वाचवणारा आणि आपले सगळे ओरखडे झेलणारा क्लिअर कोट सकाळच्या पेपरापेक्षाही पातळ आहे. कंपनीत तो एकदाच मिळतो आणि पॉलिश करून त्यात कधीच भर पडत नाही. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवा.

रेघा गोल का दिसतात?

मला आधी वाटलं, मी बनियन गोल गोल फिरवली म्हणून रेघा गोल उमटल्या. तसं नाही. मेसमधलं स्टीलचं ताट घ्या आणि एका बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती गोल रेघांचं जाळं दिसेल. आता ताट हलवा. जाळंही प्रतिबिंबाबरोबर सरकेल! रेघा खरोखर गोल असत्या तर त्या जागच्या जागी राहिल्या असत्या.

प्रत्यक्षात ओरखडे सगळ्या दिशांना असतात. ओरखडा म्हणजे एक बारीक नाली, आणि ती प्रकाश तिच्या लांबीला आडव्या दिशेनेच फेकते. त्यामुळे प्रतिबिंबाभोवतीच्या वर्तुळाला स्पर्शिकेसारखे असलेले ओरखडेच आपल्या डोळ्यांकडे प्रकाश पाठवतात, बाकीचे अंधारात राहतात. म्हणून वर्तुळं दिसतात. इंग्रजीत त्यांना 'स्वर्ल मार्क्स' म्हणतात.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, ओरखडे तपासायला बिंदूसारखा दिवा लागतो. ऊन, हॅलोजन किंवा मोबाइलचा टॉर्च चालेल. ट्यूबलाइटखाली भंगारातली गाडीही शोरूमसारखी दिसते. दोन, काळ्या रंगाखालून प्रकाश जवळजवळ परत येतच नाही, त्यामुळे वरच्या ओरखड्यांचा प्रकाश उठून दिसतो. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीवर तेवढेच ओरखडे असतात, पण खालून येणाऱ्या उजेडात ते लपतात. सरांनी काळी गाडी घेतली नसती तर मी कदाचित पकडलोच गेलो नसतो.

कडक रंग आणि मऊ रंग

क्लिअर कोट म्हणजे पॉलिमर. त्याच्या साखळ्या एकमेकींना जितक्या जागी बांधलेल्या, म्हणजे क्रॉसलिंक डेन्सिटी जितकी जास्त, तितका तो कडक. केमिस्ट्रीत शिकलेलं आठवा: रबरात थोडं गंधक घातलं की लवचीक टायर होतो, भरपूर घातलं की टणक एबोनाइट. इथेही तत्त्व तेच.

गाड्या बनवणाऱ्यांनी दोन्ही वाटा वापरून पाहिल्या आहेत. मर्सिडीज-बेंझने २००३ मध्ये अतिसूक्ष्म सिरॅमिक कण असलेला क्लिअर कोट आणला. भट्टीत भाजताना त्या कणांची पृष्ठभागाशी दाट जाळी तयार होते, त्यामुळे ओरखडे कमी पडतात. निस्सानने २००५ मध्ये बरोबर उलटी वाट धरली. त्यांचा क्लिअर कोट इतका लवचीक होता की बारीक ओरखडा काही दिवसांत आपोआप भरून येई. पॉलिश करणारे लोक सरसकट 'जर्मन कडक, जपानी मऊ' असं म्हणतात, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. एकाच गाडीची दोन पॅनेल वेगळी निघू शकतात. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांना भाजतात. गॅरेजमधला रंग ६० अंशांच्या आसपासच वाळवतात, कारण तोपर्यंत गाडीत वायरिंग, प्लॅस्टिक, सगळं बसलेलं असतं. शिवाय दोन्हीकडची रसायनंही वेगळी. म्हणून पुन्हा रंगवलेला दरवाजा मूळ बॉनेटपेक्षा निराळा वागतो.

कडक रंगाची गंमत अशी, की त्यावर ओरखडा सहजासहजी पडत नाही, पण पडला की सहजासहजी जातही नाही. ज्या गुणामुळे तो बनियनला दाद देत नाही, त्याच गुणामुळे पॉलिशलाही देत नाही. मग माझ्या बनियनने ओरखडे कसे पाडले? बनियनने पाडलेच नाहीत, धुळीने पाडले. धुळीत क्वार्ट्झ असतं, मोहच्या कठीणतेच्या पट्टीवर ७. साधं पोलादसुद्धा त्याच्यापुढे मऊ, मग पॉलिमरचं काय घेऊन बसलात? मी दर रविवारी बनियनचा पॉलिश पेपर करून गाडीवर फिरवत होतो.

मेटॅलर्जीचं प्रॅक्टिकल आठवा

आता मुद्द्यावर येऊ. ओरखडा 'काढायचा' म्हणजे काय करायचं?

ओरखडा ही वस्तू नाही, ती जागेची उणीव आहे, खड्डा आहे. खड्डा काढता येत नाही. एक तर तो भरायचा, नाहीतर आजूबाजूची जमीन त्याच्या तळापर्यंत खाली आणायची. पॉलिश करणं म्हणजे हा दुसरा प्रकार. जातो तो ओरखडा नव्हे, त्याच्या भोवतीचा चांगला क्लिअर कोट जातो.

मायक्रोस्कोपखाली बघण्यासाठी आपण स्पेसिमेन तयार करतो तेव्हा हेच करतो. आधी जाड एमरी पेपर, मग बारीक, मग आणखी बारीक, दर वेळी स्पेसिमेन ९० अंशांत फिरवून, आणि आधीच्या पेपरच्या रेघा पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी मखमली कापडाच्या चकतीवर ॲल्युमिनाचं पाणी. गाडीच्या पॉलिशमध्येही बहुतेक वेळा ॲल्युमिनाच असतं, मोहच्या पट्टीवर ९. फरक एकच: स्पेसिमेन बिघडला तर दुसरा घेता येतो.

भरण्याचा प्रकारही बाजारात खूप चालतो. बऱ्याच स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि मेण असतं. ते खड्ड्यात बसतं, गाडी चकचकीत दिसते, आणि चार धुण्यांत जाळं परत हजर. म्हणून पॉलिश केल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी असं मिश्रण मारून पुसायचं आणि मगच टॉर्च मारायचा. तेल निघून जातं आणि खरं काय ते दिसतं.

प्रेस्टनसाहेबांचं समीकरण

१९२७ मध्ये एफ. डब्ल्यू. प्रेस्टन यांनी काच पॉलिश करण्याच्या यंत्रांवर एक निबंध लिहिला. त्यातला नियम आजही चिप बनवणाऱ्या कारखान्यांत वापरतात. नियम सोपा आहे: दर सेकंदाला किती माल निघतो, तर दाब गुणिले वेग गुणिले एक स्थिरांक. स्थिरांकात पॉलिशचे कण, पॅड आणि रंगाचा कडकपणा हे सगळं येतं. कडक रंगाला स्थिरांक लहान, मग दाब, वेग, वेळ किंवा पॅड यांपैकी काहीतरी वाढवावंच लागतं.

एक गणित करून पाहा. मशीनवर ५ किलोचा जोर दिला. पॅड ५ इंची असेल तर तो जोर सुमारे १२७ चौरस सेंटिमीटरवर पसरतो. पॅड ३ इंची घेतलं तर सुमारे ४६ वर. दाब जवळजवळ २.८ पट झाला. त्याच आरपीएमला कडेचा वेग ०.६ पट होतो. गुणाकार साधारण १.७ पट. म्हणजे जोर न वाढवता नुसतं पॅड बदलून कापण्याची ताकद वाढली. पण त्याच हिशेबाने धोकाही वाढला.

मशीन दोन प्रकारचं असतं. रोटरी म्हणजे सरळ गोल फिरणारं, आपल्या गॅरेजमधलं 'रबिंग'चं मशीन. १५०० आरपीएमला १५ सेंटिमीटरच्या पॅडची कड सेकंदाला जवळजवळ १२ मीटर पळते, म्हणजे ताशी ४२ किलोमीटर. हे झपाट्याने कापतं, झपाट्याने तापतं, आणि हात सरावलेला नसेल तर उन्हात नागमोडी छटा सोडून जातं. दुसरं ड्युअल ॲक्शन. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि त्याच वेळी त्याचं केंद्रही छोट्या वर्तुळात हलतं. कामाला हळू, पण नवख्याला सुरक्षित. मात्र त्यावर फार जोर दिला की पॅडचं फिरणं थांबतं, नुसती थरथर राहते. वेग पडला की प्रेस्टनच्या नियमाने कापणंही पडलं. जास्त जोर म्हणजे जास्त काम हे इथे खोटं ठरतं.

आम्ही काय केलं

आधी गाडी नीट धुतली. मग क्ले बार, म्हणजे चिकणमातीसारखी वडी, शाम्पूच्या पाण्यावर हलकेच फिरवली. रंगात रुतलेले लोखंडाचे कण आणि डांबराचे ठिपके ती उचलते. हे कण राहिले तर पॅडमध्ये अडकून नवे ओरखडे पाडतात. वडी जमिनीवर पडली तर ती सरळ कचऱ्यात टाका, धुऊन वापरू नका.

मग मेट्रॉलॉजी लॅबच्या सरांना विनंती करून कोटिंग थिकनेस गेजने सगळी पॅनेल मोजली. छत आणि बॉनेट १०८ ते ११६ मायक्रॉन, डावीकडचा मागचा दरवाजा २४० च्या वर. म्हणजे तो दरवाजा कधीतरी पुन्हा रंगवलेला, हे सरांनाही ठाऊक नव्हतं. लक्षात ठेवा, असा गेज एकूण जाडी सांगतो. त्यात क्लिअर कोट किती ते सांगत नाही, आणि त्याची अचूकता दोन-तीन मायक्रॉनचीच असते. पॉलिशमध्ये जातात तेही साधारण तेवढेच. गेजवर आकडा हलला नाही म्हणून काही गेलंच नाही, असं समजू नका.

मग सगळ्यांत महत्त्वाची पायरी: नमुन्याची जागा. बॉनेटच्या मधोमध दीड बाय दीड फुटाचा चौकोन टेपने आखला आणि सर्वांत सौम्य जोडीने सुरुवात केली, म्हणजे मऊ फोमचं पॅड आणि फिनिशिंग पॉलिश. काही फरक नाही. मग मध्यम फोम. थोड्या रेघा गेल्या. मग मायक्रोफायबरचं पॅड आणि कटिंग कंपाऊंड. आता दहातल्या आठ-नऊ गेल्या. तेव्हा कळलं, आपला रंग कडक आहे. अंगठ्याने दाबून किंवा कंपनीच्या नावावरून हे कळत नाही, करून बघितल्यावरच कळतं. सौम्यापासून सुरुवात करायची, कारण जास्त गेलेलं परत आणता येत नाही.

पुढची रीत अशी. कंपाऊंडचे चार-पाच थेंब. एका वेळी तेवढाच चौकोन. मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने सरकवायचं, आधी आडवं, मग उभं, प्रत्येक फेरीने आधीची अर्धी झाकायची. अशा पाच-सहा फेऱ्या. पॅड पत्र्याला सपाट टेकलेलं हवं. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचं, नाहीतर निघालेला क्लिअर कोट त्यातच साचतो आणि कापणं बंद पडतं. मधूनमधून पत्र्याला हात लावून बघायचा, हात ठेववत नसेल तर थांबायचं. प्लॅस्टिकच्या बंपरवर तर दुप्पट सावध, कारण पत्र्यासारखी उष्णता तिथून पसरून जात नाही.

कटिंग झाल्यावर रंगावर किंचित धुरकटपणा राहतो. तो मऊ फोम आणि फिनिशिंग पॉलिशने गेला. कडक रंगाचा हा एक फायदा, शेवटची चकाकी लवकर येते. मऊ रंगावर उलट, ओरखडे पटकन जातात पण पॅडच्याच रेघा मागे राहतात. नुसत्या बॉनेटला अडीच तास लागले, पूर्ण गाडीला दोन रविवार. शेवटी संरक्षणाला मेणाचा हात.

आणि मी जिथे चुकलो

बॉनेटच्या उजव्या बाजूला एक खोल ओरखडा होता. त्यावरून नख फिरवलं की नख अडकायचं. ही साधी चाचणी लक्षात ठेवा: नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशने काढायचा नसतो. त्याच्या तळापर्यंत जायचं तर सगळा क्लिअर कोटच काढावा लागेल. कडा थोड्या मवाळ करायच्या, टच-अप लावायचा आणि सोडून द्यायचं. वर्कशॉपच्या मामांनी मला हे सांगितलंही होतं.

पण बाकी गाडी आरशासारखी झाली होती आणि तो एकच ओरखडा डोळ्यांत खुपत होता. दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मामा चहाला गेले आणि मी रोटरी उचलली, लोकरी पॅड लावलं. तो ओरखडा बॉनेटच्या उंचवट्याच्या धारेजवळ होता. धारेवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि सपाट पॅडचा सगळा जोर त्या एका रेषेवर येतो. क्षेत्रफळ जवळजवळ शून्य, म्हणजे दाब केवढा? प्रेस्टन मला पाठ होता. पाच-सात सेकंद लागले असतील. पांढऱ्या पॅडवर काळं उमटलं.

क्लिअर कोट असेपर्यंत पॅडवर गाडीचा रंग येत नाही. रंग आला याचा अर्थ क्लिअर कोट संपला आणि आपण बेस कोट खातोय. (खूप जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या गाड्यांवर रंग पहिल्यापासूनच येतो, ती गोष्ट वेगळी.) नखाएवढा एक राखाडी, निस्तेज डाग पडला. ओरखडा मात्र तिथेच होता.

मामांनी परत आल्यावर बघितलं आणि आधी मशीनचा प्लग काढला. मग म्हणाले, "जा, सरांना तूच सांग." सांगितलं. सर खाली आले, टॉर्च मारून सगळी गाडी बघितली, त्या डागावर बोट फिरवलं. म्हणाले, "वरून क्लिअर लावून घे, ऊन-पाऊस थेट लागायला नको. बाकीची छान झाली आहे." मी पैसे द्यायचं म्हटलं, तर त्यावर ते काहीच बोलले नाहीत. टच-अपचा क्लिअर लावलाय. डाग जवळून अजून दिसतो. तो जायचा तर पूर्ण बॉनेट रंगवावं लागेल आणि कारखान्यातला तो १४० अंशांचा थर कायमचा जाईल, म्हणून तो तसाच ठेवलाय.

मग गाडी धुवायची तरी कशी?

जाळं काढण्यापेक्षा न पाडणं शेकडो पटींनी स्वस्त. कोरडं फडकं गाडीला लावायचंच नाही, आपल्या सोसायट्यांत रोज सकाळी गाड्या पुसतात तसं तर अजिबात नाही. आधी पाण्याच्या धारेने धूळ वाहू द्यायची. मग दोन बादल्या: एकीत गाडीच्या शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक पॅनेल वरून खाली धुवायचं, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. चाकं आणि खालचा भाग शेवटी, वेगळ्या फडक्याने. सुकवायला जाड मायक्रोफायबर, घासायचं नाही, टेकवून पाणी टिपायचं. कपड्यांची पावडर कपड्यांसाठी ठेवा, ती गाडीवरचं मेण धुऊन नेते.

सरांची गाडी अजूनही दर रविवारी मीच धुतो, आता दोन बादल्यांनी. ज्यांना मशीन हातात धरून बघायचंय त्यांनी रविवारी सकाळी दहाला वर्कशॉपच्या मागे यावं. मामांनी भंगारातून एक जुनं बॉनेट आणून ठेवलंय. त्यावर टेप न लावता धारेवर एकदा मुद्दाम रोटरी चालवा, पॅडवर रंग उमटताना बघा. तो अनुभव भंगारातल्या बॉनेटवरच घ्यावा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी